पाण्यावर घातलेला आळ

तुमच्या घरातली बाळंतीण न्हाऊन उठली आणि एक डोळा झाकून म्हणाली, "मला ह्या डोळ्यानं नीट दिसत नाही," तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. तिला डॉक्टरकडे न्याल, की आणखी दोन तांबे कढत पाणी ओताल, की हसाल?

आम्ही पाणी ओतलं आणि हसलोही. मोठ्या डॉक्टरकडे नेलं ते चार वर्षांनी.

ताई, परवा तुझं बारावं झालं. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण उरलं, हे मी लिहिणार नाही. ते भावजींनी पेपरात फोटोखाली दिलंय आणि तिथं 'अल्प आजाराने' असं छापून आलंय. सतरा वर्षांच्या आजाराला अल्प म्हणणारा माणूस कोण, हे विचारायला मी तावातावानं निघाले होते. दारात चप्पल घालताना आठवलं, की तू मला पाच वर्षं अशाच एका खोट्या वाक्यावरून अडवत होतीस, आणि ते वाक्य माझं होतं. मी चप्पल काढली आणि हे लिहायला बसले.

तू पहिल्या बाळंतपणाला सासरच्या हळर्णहून माहेरी मयेला आलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते. गौतमी झाली आणि आमची मागची खोली बंद झाली. वारा लागू नये म्हणून जनेलाला चादर, खाटेखाली निखाऱ्यांवर ओव्याचा धूर, तुझ्या कानात कापूस. रोज सकाळी शेवंतीकाकी यायची. तळ्याखालच्या वाड्यावर राहणारी, काळी, उंच, हाताचे पंजे पुरुषासारखे. गावातल्या निम्म्या पोरांच्या अंगावर पहिलं पाणी तिनंच ओतलेलं. ती तुला तासभर खोबरेल चोळायची आणि मग न्हाणीत बसवून चुलीवरच्या भाणातलं कढत पाणी तांब्या तांब्यानं अंगावर सोडायची. आमच्याकडे बाळंतिणीचं कौतुक पाण्याच्या वाफेवर ठरतं. कातडी लाल झाली नाही, तर माहेरानं हात आखडला म्हणतात.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी तू न्हाऊन आलीस आणि भिंतीला धरून उभी राहिलीस. "आई, माका ह्या डोळ्यान दिसना गो. धुंवर पडल्यावरी दिसता." शेवंतीकाकी केस पुसत होती. तिनं तुझ्या डोक्यावरचा हात काढला नाही. "वारें गेलां आंगांत," ती आईला म्हणाली. "फाल्यां पाणी आनीक हून करया." दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कढत झालं. धुकं दाट झालं. तासाभरानं थोडं विरलं, म्हणजे पाणी लागू पडतंय असं ठरलं.

त्याच आठवड्यात बाबांचं नवं पत्रक छापून आलं होतं, सकाळची बस बंद केल्याबद्दलचं. बाबांच्या पत्रकाचं शीर्षक नेहमी तांबड्या शाईत. आपलं बालपण त्या तांबड्या शीर्षकांखाली गेलं. जेवणाच्या मेजावर, पलंगाखाली, पोदेर पावाचे उंडे ठेवतो त्या टोपलीतसुद्धा पत्रकंच असायची. तू एक हातात घेतलंस, एक डोळा झाकलास, मग दुसरा झाकलास. म्हणालीस, "बाबा, हे शीर्षक ह्या डोळ्यानं तांबडं दिसतं आणि ह्या डोळ्यानं विटकरी."

बाबा विडीचा झुरका घेऊन म्हणाले, "एक डोळो सरकारी जालो गो तुजो."

आम्ही सगळे हसलो; बाबांची तांबडी अक्षरं सरकारला कधीच नीट दिसली नव्हती. तूही हसलीस. महिनाभर घरात तुझ्या त्या डोळ्याला 'सरकारी डोळा' हेच नाव होतं, आणि शाळेत जाऊन ते सगळ्यांना सांगणारी मी होते. पुढे तुझ्या डॉक्टरनं, हळू बोलणाऱ्या त्या तरुण बाईनं, सांगितलं की डोळ्याची नस सुजली की सगळ्यात आधी तांबडा रंग फिका पडतो. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. एक लाल कागद पुरतो. आपल्या घरात लाल अक्षरांचे हजारभर कागद पडले होते.

दीड महिन्यानं तुझी नजर परत आली. आईनं शेवंतीकाकीला साडी दिली. ह्या रोगानं आम्हाला पहिल्यांदा फसवलं ते बरं होऊन. पुढच्या वर्षी कमरेभोवती कुणी दोर आवळल्यासारखं वाटू लागलं. गावच्या डॉक्टरनं 'बाळंतपणातला अशक्तपणा' म्हणून ताकदीची इंजेक्शनं दिली आणि तू पुन्हा बरी झालीस. मग डाव्या पायातली चप्पल चालता चालता गळून मागे राहू लागली आणि तुला ते कळेना. भावजी मागून चप्पल उचलून आणत आणि म्हणत, "राणीची पादुका." तेही फार दिवस चाललं नाही. एकदा बाजारात तू बसलीस ती उठलीच नाहीस, तेव्हा तुला मोठ्या इस्पितळात नेलं. मेंदूचा फोटो, पाठीतलं पाणी, आणि मग ते नाव: मल्टिपल स्क्लेरोसिस. आई आजही नुसतं 'मल्टिपल' म्हणते, एखाद्या न जाणाऱ्या पाहुण्याचं नाव घ्यावं तसं.

डॉक्टरनं सांगितलं, शरीराची पहारा देणारी ताकद आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडते. ते ऐकून तू पटकन म्हणालीस, "म्हणजे राखणदारानंच मेर फोडली." त्या बाईला मेर म्हणजे शेताचा बांध हे सांगावं लागलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं. तू आजारी असतानाही लोकांना नवे शब्द शिकवत होतीस.

मी तेव्हा सोळा वर्षांची, आणि मला एकच गोष्ट हवी होती. कुणामुळे? बाबांनी मला तसंच वाढवलं होतं. बस बंद झाली तर ती कुणी बंद केली, धूळ आली तर ती कुणाच्या ट्रकची. प्रत्येक दुःखाला एक पत्ता असतो आणि पत्रक त्या पत्त्यावर जातं. डॉक्टरनं पत्ता दिला नाही. तिनं एकेक करून बरंच काही मांडलं. रक्तातून थोडं येतं, पण एका गुणसूत्रावर बोट ठेवता येत नाही, बारीक बारीक पुष्कळ गोष्टी जमतात. तरुणपणी होणारा एक साधा विषाणू असतो, तो जवळपास सगळ्यांना होऊन जातो, पण थोड्यांच्या शरीरात काहीतरी उलटं शिकवून जातो. तुला सोळाव्या वर्षी गळ्याच्या गाठी सुजून महिनाभर ताप आला होता. तो तोच असेल का, ते आता सांगता येत नाही, ती म्हणाली. तंबाखूचा धूर वाईट, स्वतःचा असो की घरातल्या दुसऱ्याचा, आणि तो रोग लागल्यावरही वेग वाढवतो. मी बाबांकडे पाहिलं नाही. बाबांनी खिशातलं बंडल त्या दिवशी इस्पितळाच्या कचराकुंडीत टाकलं, पण तोवर आपण दोघी त्या धुरात मोठ्या झालो होतो.

मग उन्हाचं जीवनसत्त्व. ते तुझ्या रक्तात कमी निघालं तेव्हा आई चक्क रागावली. गोव्यात ऊन कमी पडतं म्हणणारी ही कसली डॉक्टर? पण तू शिक्षिका, दहा ते पाच शाळेच्या वर्गात, घरी आलीस की चुलीपाशी, बाहेर पडलीस की छत्रीखाली. ऊन अंगणात होतं, तुझ्या अंगावर नव्हतं. शेवटी बाळंतपण. पोर पोटात असतं तोवर शरीराचा पहारा सैल असतो आणि पोर झाल्यावर तो एकदम जागा होतो, म्हणून त्या दोन-तीन महिन्यांत झटका येण्याचा धोका जास्त.

आणि पाणी? हे मीच विचारलं. गरम पाण्यानं, तापानं, उन्हानं आधीच दुखावलेल्या नसा तेवढ्यापुरत्या मंदावतात, ती म्हणाली. अंग थंड झालं की परत येतात. पाण्यानं रोग होत नाही आणि वाढतही नाही. रोग आहे हे मात्र त्यानं कळू शकतं, कुणी ऐकणारं असेल तर.

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरी आठ वर्षांनी मी ते पत्रक लिहिलं.

मधली वर्षं औषधांनी बरी गेली, हे कबूल करायला हवं. तू वर्गात खुर्चीवर बसून शिकवलंस. तुझ्या चारपायी काठीला पोरं घोडा म्हणायची आणि तू तिला फळ्याजवळ बांधून ठेवायचीस. एका मार्चात आम्ही तुला मांद्र्याच्या समुद्रावर नेलं. चौघांनी तुला खुर्चीसकट उचलून कंबरभर पाण्यात ठेवलं. संध्याकाळचं गार पाणी होतं. थोड्या वेळानं तू ओरडलीस, की डावा पाय उचलतोय. खरंच उचलत होता, दोन बोटं. बाजूला अंघोळ करणारे परदेशी पाहुणे टाळ्या वाजवू लागले, त्यांना काहीच माहीत नव्हतं. "म्हशी शहाण्या गो," तू म्हणालीस, "त्या उदकांतल्यान भायर सरनात." मला तुझा चेहरा तसाच आठवायचा आहे. आठवतो मात्र शेवटच्या महिन्याचा.

कारण मग दुखणं बदललं. झटके थांबले आणि उतार लागला. झटका परत तरी फिरायचा, उतार फिरला नाही. लघवीची नळी आली, तिच्यासोबत ताप आले, जीभ जड झाली. पाच वर्षांपूर्वी तू खुर्चीत बसलीस ती कायमची. त्या आठवड्यात मी एका रात्रीत नव्हे, चांगले तीन दिवस विचार करून पत्रक लिहिलं. 'कढत पाण्यानं पांगळी केलेली माझी बहीण.' तांबड्या शाईत. बाळंतिणीला भाजून काढण्याच्या चालीविरुद्ध मी जे लिहिलं त्यातलं बरंचसं मला आजही पटतं. पण पत्रकाला चाल पुरत नाही, माणूस लागतो. मी लिहिलं, 'मयेची एक न्हाऊ घालणारी बाई.' गावात अशी बाई एकच होती. ते पत्रक मी डिचोलीच्या बसस्टँडवर वाटलं, पेडण्याच्या बाजारात वाटलं, मयेच्या देवळासमोर वाटलं. लोकांनी मागून घेतलं. बाबांच्या कुठल्याच पत्रकाला असा खप नव्हता.

त्यात गावच्या डॉक्टरचं इंजेक्शन नव्हतं. बाबांची विडी नव्हती. सरकारी डोळ्यावर हसणारी बारा वर्षांची मी नव्हते. बाबा नेहमी सांगायचे, पत्रक वरच्या दिशेनं फेकायचं असतं. मी ते खालच्या वाड्यावर फेकलं, कारण तिथून उत्तर यायचं नव्हतं.

तू ते वाचलंस तेव्हा मी समोर होते, कौतुक ऐकायला आलेली. तुला पेन्सिल धरवत नव्हती, तरी हातात घेऊन तू त्या एका वाक्याखाली वाकडीतिकडी रेघ ओढलीस. "हें फट," म्हणालीस. खोटं. मी वाद घातला. म्हटलं, एका बाईपेक्षा चाल मोडणं महत्त्वाचं. म्हटलं, चळवळीत कुणी शुद्धिपत्र काढत नाही, समोरचा त्याचाच दगड करतो. मग तू जे म्हणालीस ते अडखळत, एकेक शब्द शोधून.

"तुका एकूच चोर जाय. हांगा चोरांचो बाजार भरला गो. तांतलो एक धरून तूं घरा आयलें, तो सगळ्यांत गरीब."

मी म्हटलं, मला एकच चोर हवा असं नाही; तुला तिची दया येते कारण तू भिडस्त आहेस. तू म्हणालीस, तुला सगळं ठाऊक नाही. काय ठाऊक नाही ते सांग, असं मी दहादा विचारलं. तू आईकडे पाहिलंस आणि विषय बदललास.

त्यानंतर दर भेटीला एकच प्रश्न. शेवंतीकडे गेलीस? मी सांगायचे, परीक्षा आहेत, पाऊस आहे, अंक काढायचाय. शेवटच्या भेटीत तुला न्यूमोनिया होता, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, आणि तू भुवया उंचावून तेच विचारलंस. मी म्हटलं, गणपतीची चवथ झाली की जाते. चवथ तीन आठवड्यांवर होती. तू चौथ्या दिवशी गेलीस. ह्या वर्षी हळर्णच्या घरात गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची नाही आणि माझ्याकडची शेवटची सबबही संपली.

तरीसुद्धा मी कदाचित गेले नसते. मला हलवलं ते तुझ्या मुलीनं. बाराव्याच्या सकाळी बायका न्हाण्यासाठी रांगेत होत्या, आणि गौतमी विहिरीवर जाऊन बालदीभर गार पाणी अंगावर ओतून आली. अंगात कसर होती तिच्या, दात वाजत होते. मी रागावले, की भाण पेटलंय आणि हे काय. ती म्हणाली, ती पाच वर्षं कढत पाण्याला शिवलेली नाही.

"तुझ्या पत्रकात आहे ना मावशी, पाण्यानं झालं म्हणून. मी गार पाण्यानं न्हाते. म्हणजे मला नाही ना होणार?"

सतरा वर्षांची पोर. आईला आणि मुलीला जोडणारा एक बारीक धोका तिच्या रक्तात आहे. डॉक्टर म्हणते तो थोडाच जास्त आहे, घाबरून जगण्याइतका नाही, पण कान उघडे ठेवण्याइतका आहे. माझ्या पत्रकानं तिचे कान बंद केले होते. उद्या तिला एका डोळ्यानं तांबडं विटकरी दिसलं असतं तर ती गप्प बसली असती, कारण ती तर गार पाण्यानं न्हाते. उलट तिच्या मैत्रिणी शिवोलीपर्यंत स्कूटर पिटाळून काय ओढून येतात, आणि त्यात हीही असते, हे तिनं मला त्याच वेळी अगदी सहज सांगितलं. धुराबद्दल माझ्या पत्रकात ओळ नव्हती. ताई, तुझ्यासाठी लिहिलेल्या माझ्या कागदानं तुझी मुलगी उघड्यावर ठेवली होती.

मी काल शेवंतीकाकीकडे गेले. ती ओसरीवर काजूच्या बिया निवडत होती. हात तेवढेच मोठे आहेत, पण थरथरतात. तिनं मला बसायला पाट दिला. पत्रक तिला वाचता येत नाही. नातवानं वाचून दाखवलं होतं, दोनदा, तिनंच सांगितलं म्हणून. त्यानंतर तीन-चार घरांनी बोलावलं, मग कुणी नाही. ती भांडली नाही. इतकंच विचारलं, "म्हजें उदक इतलें वायट आशिल्लें गो?"

मी म्हटलं, नाही. हा शब्द उच्चारायला मला पाच वर्षं लागली.

मग तिनं सांगितलं ते तू मला सांगितलं नव्हतंस. वारं गेलं असं आधी तिनंच म्हटलं होतं, ते ती नाकारत नाही. पण तिसऱ्या आठवड्यात तेल चोळताना तुझा डावा पाय तिच्या हाताला परका लागला. तळव्याला बोट लावलं की उजवा पाय आखडायचा, डावा नुसता पडून राहायचा. तिनं पाणी कोमट केलं आणि आईला म्हणाली, पोरीला इस्पितळात दाखवा, हे माझ्या हातातलं नव्हे. आईनं तिला गप्प बसवलं. पहिलीच बाळंत, सासरी कळलं की सून व्यंगाची निघाली म्हणतील, पोर घेतील आणि हिला इथंच ठेवतील. चारचौघांत बोलू नकोस, असं आईनं तिच्याकडून कबूल करून घेतलं. साडी त्याची होती. काकी सतरा वर्षं बोलली नाही, माझं पत्रक वाटलं गेलं तेव्हाही नाही.

मी घरी येऊन आईला हे सगळं वाचून दाखवलं. छापू का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, "छाप. शेवंती म्हज्यापरस बरी निघाली." आणि उठून चुलीकडे गेली. मी आईलाही चोर ठरवणार नाही, ताई. भीतीनं तिला जे करायला लावलं ते ह्या तालुक्यातल्या कितीतरी आयांनी केलंय आणि आज करतायत. तू तिला शेवटपर्यंत सांभाळलंस. रागाचं काय करायचं ते मात्र मला अजून उमगत नाही. तो आहे तिथंच आहे, आणि आता त्याला पाठवायला पत्ता नाही.

तू मला अक्षरं लावायला शिकवलीस, माझी पहिली कच्ची छपाई तपासलीस, 'परंतु' कमी वापर म्हणून दटावलंस. हे शेवटचं शुद्धिपत्र तुझ्या नजरेखालून गेलं नाही. चुका राहिल्या असतील. एक दुरुस्ती पक्की आहे: माझ्या बहिणीला कढत पाण्यानं पांगळं केलं नाही. शेवंतीकाकीनं केलं नाही. ते वाक्य मी मागे घेते, आणि काकीची उघडपणे माफी मागते.

वाचणाऱ्यांना एकच मागणं. तुमच्या घरी येत्या दिवसांत बाळंतपण असेल तर काकीला बोलवा. तिच्यानं आता पाण्याचे तांबे उचलवत नाहीत, ते तुमच्यातलं कुणी उचला, आणि पाणी कोमट ठेवा. तिला फक्त बाळंतिणीच्या पायावर हात फिरवू द्या. बाळंतीण म्हणाली की डोळ्यांपुढे धुकं आहे, पाय बधिर आहे, किंवा काकी म्हणाली की हा पाय मला परका लागतो, तर त्याच आठवड्यात पोरीला नसांच्या डॉक्टरकडे न्या. आणि ते सासरी सांगायचं कसं, असा प्रश्न पडला, तर ते काकीला सांगू द्या. ह्या वेळी तिला गप्प बसवू नका.